घरच्या फटाक्यांचा कायदा आणि पालकांचे उत्तरदायित्व

दीपावली, तुळशीविवाह, गणेशविसर्जन, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, लग्नाची वरात आणि ३१ डिसेंबरची मध्यरात्र, अशा अनेक प्रसंगी आपल्या बेळगाव-निपाणी परिसरात फटाके वाजतात. बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने हे दिवस आनंदाचे तसेच काळजीचेही असतात. या दिवसांत दवाखान्यात येणारे पालक औषधोपचाराबरोबर एक साधा प्रश्नही विचारतात: "डॉक्टर, स्वतःच्या अंगणात फटाके उडवायला परवानगी लागते का?"

याचे उत्तर एका शब्दात 'नाही' असे आहे. परंतु परवाना लागत नाही याचा अर्थ कायदा लागू होत नाही, असा नव्हे. कोणता फटाका, कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि किती आवाजाचा, या चारही गोष्टींवर आज कायद्याचे बंधन आहे. शिवाय कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या काही गोष्टी मुलांच्या दृष्टीने अधिक धोक्याच्या आहेत. या दोन्हींची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परवाना कोणाला लागतो?

फटाका हा कायद्याच्या भाषेत स्फोटक पदार्थ आहे. स्फोटकांसंबंधीचा मूळ कायदा १८८४ सालचा असून, त्याखालील सध्याचे नियम २००८ सालचे आहेत. फटाक्यांची निर्मिती, साठवण, वाहतूक आणि विक्री यांवर या नियमांचे नियंत्रण असते. देशपातळीवर हे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सणापुरत्या उभारल्या जाणाऱ्या दुकानांना परवाना देण्याचे अधिकार जिल्हा प्रशासनाकडे असतात.

या तात्पुरत्या दुकानांसाठी नियम स्पष्ट आहेत. दुकानाचा मांडव न जळणाऱ्या साहित्याचा असावा. दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर असावे आणि ती समोरासमोर नसावीत. संरक्षित इमारतींपासून ती ५० मीटर दूर असावीत. तेलाचे दिवे, गॅसबत्ती अथवा उघडी ज्योत तेथे चालत नाही. एका ठिकाणी ५० पेक्षा अधिक दुकाने असू नयेत आणि दुकानांपासून ५० मीटरच्या आत फटाके उडवू नयेत. कापडी मांडवात, लोंबकळत्या विजेच्या तारांखाली फटाके विकले जात असतील, तर तेथून खरेदी न करणे हे सुज्ञ ग्राहकाचे पहिले कर्तव्य होय.

हे नियम कशासाठी आहेत, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये बेंगळुरूजवळील अत्तिबेले येथे दिसून आले. फटाक्यांच्या गोदामवजा दुकानास आग लागून किमान १४ जणांचा बळी गेला. त्यांत तमिळनाडूतून कामासाठी आलेले तरुण मोठ्या संख्येने होते. त्यानंतर कर्नाटक शासनाने विवाह, राजकीय कार्यक्रम आणि मिरवणुका यांतून फटाके वाजविण्यास मनाई जाहीर केली आणि दीपावलीत केवळ हरित फटाक्यांना मुभा ठेवली.

स्वतःच्या वापरासाठी, विक्रीचा हेतू न ठेवता, सणापुरते माफक फटाके घरी आणणाऱ्या कुटुंबास मात्र परवाना लागत नाही. येथेच एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दुकानदाराने अर्ज केलेला असतो, अटी मान्य केलेल्या असतात आणि काही घडल्यास उत्तर देणारा एक परवानाधारक असतो. घरच्या अंगणात असा कोणीही नसतो. म्हणून घरातील प्रौढ व्यक्तीनेच स्वतःला परवानाधारक समजावे. निष्काळजीपणे स्फोटक पदार्थ हाताळून दुसऱ्याच्या जीवितास धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८८ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या बाणाने शेजाऱ्याची गवताची गंजी पेटली किंवा निपाणीतील एखाद्या तंबाखूच्या वखारीवर ठिणगी पडली, तर 'सणाचा दिवस होता' हा बचाव पुरेसा ठरत नाही.

वेळेचे बंधन आणि आपली अभ्यंगस्नानाची पहाट

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिला. पुढे २०१० मध्ये ध्वनिप्रदूषण नियमांतही ही तरतूद आली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने ही वेळ आणखी आखडली गेली. दीपावलीस रात्री ८ ते १० हे दोनच तास, तर नाताळ व नववर्षाच्या पूर्वसंध्येस रात्री ११.५५ ते १२.३० ही वेळ ठरली. न्यायालयाचे निर्देश केवळ दिल्लीपुरते नसून सर्व राज्यांस बंधनकारक आहेत, हे ७ नोव्हेंबर २०२३ रोजी पुन्हा स्पष्ट करण्यात आले. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अलीकडच्या वर्षांत दीपावलीसाठी रात्री ८ ते १० हीच वेळ जाहीर केली आहे.

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने येथे एक अडचण आहे. आपल्याकडे नरकचतुर्दशीचे फटाके पहाटे वाजतात. सूर्योदयापूर्वी उटणे लावून अभ्यंगस्नान, कारिट फोडणे आणि मग अंगणात पहिला फटाका, हा क्रम अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु पहाटे पाचचा फटाका कायद्याच्या दृष्टीने रात्रीचाच होय. तमिळनाडूमध्येही पहाटेची प्रथा असल्याने त्या राज्याने २०१८ मध्ये न्यायालयाकडे दाद मागितली. एकूण दोन तासांची मर्यादा न ओलांडता वेळ बदलण्याची मुभा मिळाली आणि तेथे सकाळी ६ ते ७ व सायंकाळी ७ ते ८ अशी विभागणी झाली. आपल्या भागातही सनदशीर मार्गाने अशी मागणी करता येईल. तोपर्यंत पहाटेसाठी पणती, आकाशकंदील आणि कारिट पुरेसे आहेत. आवाज न करताही नरकासुराचा वध होऊ शकतो!

बेळगावच्या, विशेषतः कॅम्प परिसराच्या, परिचयाची दुसरी प्रथा म्हणजे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री 'ओल्ड मॅन'चे दहन. जुन्या कपड्यांत गवत, कागद आणि फटाके भरून पुतळा उभा करावयाचा आणि बाराच्या ठोक्याला पेटवावयाचा, यात मुलांचा उत्साह अपूर्व असतो. वेळेचा विचार केल्यास ११.५५ ते १२.३० ही सवलत या प्रथेस सोयीची आहे. धोका वेगळाच आहे. पुतळ्यात दडवलेल्या फटाक्याची वात दिसत नाही. तो केव्हा आणि कोणत्या दिशेने उडेल हे कोणासही सांगता येत नाही, आणि मुले तर पुतळ्याभोवती कडे करून उभी असतात. पुतळा केवळ गवत-कागदाचा करावा, फटाके हवेच असतील तर ते दूर, वेगळे व मोठ्यांच्या हातून लावावेत. प्रथा राहील आणि मुलांचे डोळेही.

आवाजाची मर्यादा मुलाच्या कानासाठी नाही

फटाक्यांच्या आवाजाचे प्रमाण ५ ऑक्टोबर १९९९ च्या अधिसूचनेने ठरले. फटाका फुटतो त्या बिंदूपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबल (एआय) अथवा १४५ डेसिबल (सी) शिखर पातळी याहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्याची निर्मिती, विक्री व वापर यांस मनाई आहे.

डॉक्टर वाचकांनी या आकड्यांकडे जरा बारकाईने पाहावे. अचानक होणाऱ्या आवाजामुळे श्रवणशक्तीस इजा होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचविलेली शिखर मर्यादा प्रौढांसाठी १४० आणि बालकांसाठी १२० डेसिबल आहे. म्हणजे आपल्याकडे कायद्यात बसणारा फटाकादेखील बालकाच्या कानासाठी सुरक्षित असेलच असे नाही. शिवाय मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. चार मीटरचे माप असलेल्या फटाक्याशेजारी मूल दोन मीटरवर उभे असेल, तर त्याच्या कानापर्यंत पोहोचणारा आवाज मापापेक्षा बराच अधिक असतो. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन माळ पाहावयास उभे राहणे टाळावे, ते यासाठीच.

कोणते फटाके चालतात?

बाजारात दिसणारा प्रत्येक फटाका कायदेशीर असतो, असे मानण्याचे कारण नाही. पुढील बाबी पालकांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली बाब म्हणजे एकत्र गुंफलेल्या फटाक्यांच्या माळांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली. सप्टेंबर २०२३ मध्ये उत्पादकांनी सवलत मागितली असता तीही नाकारण्यात आली. दुकानात हजाराची माळ टांगलेली दिसली, तरी ती चालते असे समजू नये.

दुसरी बाब रसायनांची. शिसे, पारा, आर्सेनिक, अँटिमनी व लिथियम यांचा वापर जुलै २०१७ च्या आदेशाने आणि बेरियमच्या क्षारांचा वापर २०१८ च्या निकालाने निषिद्ध ठरला. बेरियममुळे ज्वालेस हिरवा रंग येतो. हे क्षार पोटात गेल्यास रक्तातील पोटॅशियम झपाट्याने घसरते, स्नायू लुळे पडतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. लहान मूल फुलबाजी चघळते, नागगोळी गिळते, हे आपणांस ठाऊक आहेच. अशा मुलाचे पोटॅशियम आणि हृदयालेख तातडीने पाहावेत.

तिसरी बाब हरित फटाक्यांची. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, विकसित केलेले हे फटाके २०१९ मध्ये बाजारात आले. स्वास, सफल आणि स्टार ही त्यांची नावे. खोक्यावर नीरीचे बोधचिन्ह आणि क्यूआर संकेतचिन्ह असते. या फटाक्यांतून निघणारे धूलिकण सुमारे ३० टक्क्यांनी कमी असतात. मात्र उरलेले ७० टक्के कण असतातच आणि हरित फटाक्यानेही हात तितकाच भाजतो, हे विसरू नये.

सीमेपलीकडची खरेदी

निपाणीहून कागल आणि कोल्हापूर किती जवळ, हे सांगावयास नको. कोगनोळी नाका ओलांडून खरेदीला जाणे हा आपल्या नित्य व्यवहाराचा भाग आहे. स्फोटकांचा कायदा, आवाजाचे प्रमाण आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश नाक्याच्या दोन्ही बाजूंस सारखेच आहेत. वेगळे असतात ते राज्य शासनाचे, प्रदूषण मंडळाचे, जिल्हाधिकाऱ्यांचे आणि पोलिसांचे त्या त्या वर्षीचे आदेश. फटाका कोठे विकत घेतला यापेक्षा तो कोठे उडवला, हे येथे महत्त्वाचे. कोल्हापुरात घेतलेला फटाका निपाणीत उडवताना निपाणीत लागू असलेला आदेशच पाळावा लागतो.

नेण्याआणण्याचाही प्रश्न आहे. रेल्वेतून फटाके नेणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. दोन्ही राज्यांच्या परिवहन बसमधूनही स्फोटक व ज्वालाग्राही वस्तू नेण्यास मनाई आहे. घरपोच मागवण्याचा मार्ग तर २०१८ मध्येच बंद झाला, कारण संगणक वा भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या फटाके विक्रीस न्यायालयाने मनाई केली. अठरा वर्षांखालील व्यक्तीस स्फोटकांची विक्री वा वाहतूक करता येत नाही, हेही ध्यानात असावे. पेठेतल्या हंगामी दुकानावर शाळकरी मुलास बसवणे म्हणूनच अयोग्य आहे.

कायदा जेथे थांबतो

आता अशा गोष्टींकडे वळू, ज्यांविषयी कायदा फारसे बोलत नाही. फुलबाजी कितव्या वर्षी हातात द्यावी, हे आपले नियम सांगत नाहीत. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात मात्र फटाक्यांची प्रतवारी करून सर्वांत सौम्य प्रकारासाठी १२, त्याहून तीव्र प्रकारासाठी १६ आणि पुढील प्रकारासाठी १८ वर्षे अशी किमान वयोमर्यादा घातली आहे. आपल्याकडे हा निर्णय पालकांवर सोपविलेला आहे.

फुलबाजी निरुपद्रवी समजली जाते. प्रत्यक्षात तिच्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि विझल्यावरही तार बराच वेळ तापलेली राहते. अनवाणी पायाखाली तीच तार येते. शेजारी पाण्याची बादली ठेवून प्रत्येक विझलेली फुलबाजी तीत टाकावी, एवढ्या साध्या सवयीने अनेक जखमा टळतील.

नागगोळीला आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून ती सर्वांत लहान मुलाच्या वाट्यास येते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात मात्र तपासलेल्या फटाक्यांपैकी सर्वाधिक सूक्ष्म धूलिकण याच गोळीतून निघाल्याचे आढळले. तिच्यावर वाकून बसलेल्या, दमा असलेल्या मुलाच्या छातीत काय जात असेल, याची कल्पना करावी. आवाजाचे नियम या गोळीस लागूच पडत नाहीत.

तिसरा धोका दुसऱ्या दिवशी सकाळचा. फुसके फटाके गोळा करून त्यांतील दारू कागदावर ओतायची आणि काडी लावायची, हा खेळ आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. या भडक्याने चेहरा, पापण्या आणि बोटे भाजतात. फुसक्या फटाक्यावर रात्रीच पाणी ओतावे व अंगण झाडून घ्यावे. आमच्या भागातील मुले दिवाळीत मातीचे किल्ले मोठ्या हौसेने करतात. त्या किल्ल्याच्या बुरुजात फटाका पुरून उडवला की माती व खडे थेट डोळ्यांत येतात. डबा, बाटली वा नारळाची करवंटी यांखाली लावलेल्या फटाक्याचेही तसेच.

चौथा धोका नवा आहे. २०२५ च्या दीपावलीत मध्य प्रदेशात 'कार्बाइड गन'मुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली व काहींची दृष्टी गेली. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइड व पाणी घातले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगी देताच स्फोट होतो. स्फोट लवकर झाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते आणि त्याच क्षणी तो होतो. या इजेत उष्णतेबरोबर चुन्यासारख्या अल्काचा दाहही असतो, म्हणून ती साध्या भाजण्यापेक्षा अधिक गंभीर असते. शेतात वानरे हाकलण्याचे साधन म्हणून ही नळी घरात आली असेल, तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नये.

इजा झाल्यास

भाजल्यास ते अंग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावे. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. अंगठी, कडे, बांगडी सूज येण्यापूर्वी काढावी. नंतर स्वच्छ ओलसर कापडाने झाकून डॉक्टरांकडे न्यावे. तान्हे बाळ असल्यास भाजलेला भाग थंड करताना उरलेले अंग उबदार ठेवावे. मुलाच्या स्वतःच्या हाताचा पंजा म्हणजे सुमारे एक टक्का शरीरपृष्ठ. भाजलेला भाग १० टक्क्यांहून अधिक असेल, अथवा चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रिये भाजली असतील, तर रुग्णालयातच उपचार व्हावेत.

डोळ्यास फटाक्याचा मार बसल्यास डोळा चोळू नये, दाबू नये, घरचे थेंब घालू नयेत. कागदी पेल्याने वरून सैल झाकून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कार्बाइड, चुना असे रसायन गेले असेल तर मात्र क्षणाचाही विलंब न करता भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि मगच निघावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

आपण डॉक्टरांनी काय करावे?

स्फोटामुळे झालेली इजा वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून नोंदवावी आणि फटाक्याचा प्रकार, वेळ व जागा हे तपशील केसपेपरवर लिहावेत. पालकांनी "किरकोळ आहे, नोंद नको" अशी विनंती केली तरी आपली नोंदच पुढे मुलाच्या हिताची ठरते.

दुसरी गोष्ट शांतता क्षेत्राची. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र असते, असा आपला समज आहे. परंतु ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तसे अधिसूचित केले असेल तरच ते क्षेत्र शांतता क्षेत्र ठरते. आपली रुग्णालये, प्रसूतिगृहे आणि नवजात शिशु कक्ष असलेली केंद्रे अशा यादीत आहेत किंवा नाहीत, याची विचारणा संघटनेच्या वतीने प्रशासनाकडे करता येईल. नसतील तर त्यासाठी अर्ज करावा. एकट्या डॉक्टरने फटाका उडवणाऱ्या शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. प्रशासनाचे आदेश मुख्यत्वे कन्नडमध्ये निघतात आणि आपल्या अनेक मराठी रुग्णांपर्यंत त्यांचा आशय पोहोचत नाही. प्रत्येक दवाखान्याने दिवाळीपूर्वी त्या वर्षीची वेळ, वर्ज्य फटाके आणि प्रथमोपचार एवढे तीनच मुद्दे मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत फलकावर लिहिले, तर प्रतीक्षागृहात बसलेले पालक ते नक्की वाचतील.

कायदा फटाक्याची वेळ ठरवील, आवाज मोजील, रसायन तपासील. परंतु मुलाच्या हातातील फुलबाजीकडे लक्ष ठेवण्यासाठी कोणताही अधिकारी आपल्या अंगणात येणार नाही. तेथे आई-वडील, काका, मामा, आजोबा यांपैकी एक मोठी व्यक्ती पाण्याची बादली घेऊन शेवटचा फटाका विझेपर्यंत उभी राहिली पाहिजे. एवढे झाले तर सणाच्या दिवशी आम्हां बालरोगतज्ज्ञांनाही आपल्या घरी सुखाने फराळ करता येईल. सर्व वाचकांस व त्यांच्या मुलाबाळांस सुरक्षित आणि आरोग्यदायी दीपोत्सवाच्या शुभेच्छा.